रजा मंजूर, पैसे कुठे अडले?

बाळंतपणाच्या रजेचे पैसे लांबले, की आपण वाट पाहत बसतो. त्यापेक्षा आपली फाइल नेमकी कुठल्या टेबलावर थांबली आहे, ते शोधायला शिका.

महिनाअखेरीला मोबाइल वाजतो, पगार जमा झाल्याचा मेसेज दिसतो आणि आपण सुटकेचा श्वास सोडतो. घरभाडं, गाडीचा हप्ता, गावी आईबाबांना पाठवायचे पैसे, सगळं त्या एका मेसेजवर उभं असतं. आता समजा, तुम्हाला आठवा महिना लागलाय. रजा मंजूर झालीय. टीमने केक कापून निरोप दिलाय. आणि पुढच्या महिन्यात तो मेसेज आलाच नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. एचआरला फोन केला तर 'मॅडम, प्रोसेसमध्ये आहे', आणि विमा कार्यालयात केला तर रिंग वाजत राहते. बाळ मात्र त्याच्या वेळेवर येतं. त्याला प्रोसेस कळत नाही.

पगार दरमहा १८ हजार असेल, तर २६ आठवड्यांच्या म्हणजे १८२ दिवसांच्या रजेचे साधारण एक लाख नऊ हजार रुपये होतात. ही रक्कम दोन-तीन महिने लांबली तर घरात काय होतं, हे आपण आजूबाजूला पाहतोच. कुणाच्या बांगड्या गहाण पडतात, कुणी मित्राकडून उसने घेतं, आणि कुणी बाळ दोन महिन्यांचं असताना कामावर परत येते. रजा कागदावर सहा महिन्यांची असते, पण पैसे नसतील तर ती घेणार कशी?

मुलग्यांनो, 'हे आपल्यासाठी नाही' म्हणून पान उलटू नका. क्लेमचे हेलपाटे घालण्याचं काम बहुतेक वेळा तुमच्याकडेच येणार आहे. त्याबद्दल पुढे बोलूच.

पहिला प्रश्न : पैसे देणार कोण?

निम्मा गोंधळ इथेच होतो. खासगी नोकरी करणाऱ्या मुलींसाठी रजेच्या पैशांचे मुख्य रस्ते दोन आहेत आणि आपण कुठल्या रस्त्यावर आहोत, हेच अनेकींना ठाऊक नसतं.

पहिला रस्ता ईएसआयसीचा, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाचा. तुमचा पगार महिना २१ हजारांपर्यंत असेल आणि तुमच्या कंपनीला ही योजना लागू असेल, तर सॅलरी स्लिपवर 'ईएसआय' नावाची एक छोटीशी कपात दिसेल. पगाराच्या ०.७५ टक्के तुमच्याकडून जातात आणि ३.२५ टक्के मालक भरतो. तुम्ही या रस्त्यावर असाल, तर बाळंतपणाच्या रजेचे पैसे कंपनी देत नाही, महामंडळ देतं. तेही पूर्ण सरासरी दैनिक वेतनाच्या हिशेबाने, थेट बँक खात्यात.

दुसरा रस्ता कंपनीचा. पगार २१ हजारांच्या वर असेल किंवा ईएसआय लागूच नसेल, तर दहा किंवा अधिक माणसं काम करतात अशा आस्थापनेत पैसे देण्याची जबाबदारी मालकाची आहे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने ती घातली. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी रजा १२ वरून २६ आठवड्यांवर गेली. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाच्या आधी घेता येतात. दोन मुलं असताना तिसऱ्या वेळी मात्र १२ आठवडेच मिळतात. हा कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कायद्याचं नाव बदललं तरी हे आकडे तेच राहिलेत.

म्हणून आजच एक काम करा. सॅलरी स्लिप उघडा आणि 'ईएसआय' असा शब्द आहे का बघा. आहे किंवा नाही, त्यावर पुढचं सगळं ठरतं.

कायद्यात तारखा लिहिल्यात

'होईल हो, थोडं थांबा' या वाक्याला आपण फार लवकर शरण जातो. कारण थांबायचं किती, हे आपल्याला माहीत नसतं. ते कायद्यात लिहिलेलं आहे.

कंपनीच्या रस्त्यावर नियम असा. बाळंतपणाच्या आधीच्या काळाचे पैसे गरोदर असल्याचा पुरावा दिल्यावर आगाऊ द्यायचे. उरलेल्या काळाचे पैसे बाळ झाल्याचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत द्यायचे. हो, ४८ तास. बऱ्याच कंपन्या एकरकमी न देता दर महिन्याच्या पगारासारखे पैसे जमा करतात. ते वेळच्या वेळी येत असतील तर भांडायचं कारण नाही. पण 'रजेवरून परत जॉइन झाल्यावर देऊ', 'निम्मे आता, निम्मे नंतर' असं कुणी म्हणालं, तर ते कायद्यात बसत नाही. अट इतकीच, की बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत तुम्ही किमान ८० दिवस काम केलेलं हवं. कंपनीने बाळंतपणाच्या आधीची आणि नंतरची वैद्यकीय सोय मोफत दिली नसेल, तर ३,५०० रुपये वैद्यकीय बोनसही मिळतो. हा बोनस न मागता क्वचितच कुणी देतं.

ईएसआयच्या रस्त्यावर, सगळे कागद पूर्ण असलेला दावा दिल्यापासून १४ दिवसांत पहिली रक्कम मिळायला हवी. या वाक्यातला कळीचा शब्द 'पूर्ण' आहे. एक कागद कमी असला, की १४ दिवसांचं घड्याळ सुरूच होत नाही. आणि कागद कमी आहे हे तुम्हाला कुणी फोन करून सांगेलच, अशी खात्री नाही.

फाइल अडते त्या पाच जागा

दिरंगाई म्हटलं की एखादा आळशी साहेब डोळ्यासमोर येतो. तसंही असतं. पण बरेचदा फाइल एखाद्या बारीक गोष्टीपाशी अडकलेली असते आणि ती गोष्ट तुम्ही आठवडाभरात दुरुस्त करू शकता.

एक, नाव. आपल्याकडचा हा हमखास घोळ. आधारवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं, विमा नोंदणीत आडनाव जुनं आणि मधलं नाव नवं. कुणाचं तर लग्नात पहिलं नावही बदललेलं. माणसाला कळतं की ही एकच बाई आहे, संगणकाला कळत नाही. लग्नानंतर नाव बदलायचं की नाही, हा पूर्णपणे तुमचा प्रश्न. पण जे ठेवाल ते सगळीकडे एकच ठेवा आणि ही दुरुस्ती सातव्या महिन्याच्या आत उरकून घ्या.

दोन, बँक खातं. कॉलेजात असताना उघडलेलं आणि मग वापरातच नसलेलं खातं बंद पडलेलं असतं. २०१९-२० मध्ये देना, विजया, सिंडिकेट, अलाहाबाद अशा बँका दुसऱ्या बँकांमध्ये विलीन झाल्या. अशा खात्यांचे आयएफएससी कोड बदलले. जुन्या पासबुकावरचा कोड लिहिलात तर पैसे निघतील, पण पोचणार नाहीत.

तीन, वर्गणी. तुमच्या पगारातून ईएसआय कापलं गेलं, पण मालकाने ते भरलंच नाही, असं घडतं. विशेषतः कंत्राटदारामार्फत लागलेल्या मुलींच्या बाबतीत. मालकाने ते पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचं असतं. ईएसआयसीच्या पोर्टलवर तुमचा विमा क्रमांक टाकून कुठल्या महिन्यांची वर्गणी जमा आहे, हे बघता येतं. पात्रतेसाठी ठरलेल्या काळात किमान ७० दिवसांची वर्गणी लागते. मालकाने ती भरली नाही म्हणून तुमचा हक्क आपोआप बुडत नाही. वर्गणी भरायला हवी होती याची खात्री पटली, तर महामंडळ तुम्हाला लाभ देऊन तो मालकाकडून वसूल करू शकतं. मात्र त्यासाठी तुमच्याकडे कपात दाखवणाऱ्या सॅलरी स्लिपा हव्यात. दर महिन्याची स्लिप डाउनलोड करून ठेवायची सवय इथे कामी येते.

चार, कंपनीचा दुजोरा. तुम्ही खरंच रजेवर आहात, त्या काळात काम केलेलं नाही, हे विमा कार्यालय कंपनीकडून तपासून घेतं. विचारणा कंपनीकडे जाते आणि तिथे ती कुणाच्या तरी इनबॉक्समध्ये पडून राहते. विमा कार्यालय म्हणतं, कंपनीचं उत्तर नाही. कंपनी म्हणते, आमच्याकडे काही आलंच नाही. तुम्ही दोघांनाही एकाच ईमेलमध्ये घ्या. हा खेळ तिथेच संपतो.

पाच, डॉक्टरांचा दाखला. ईएसआयसाठी गरोदरपणाचा, अपेक्षित तारखेचा आणि बाळंतपणाचा दाखला लागतो आणि तो साधारणपणे विमा दवाखान्यातल्या किंवा त्यांच्या यादीतल्या डॉक्टरांचा हवा. तुम्ही नाव खासगी हॉस्पिटलात नोंदवलं असेल, तर ते कागद कसे प्रमाणित करून घ्यायचे, हे शाखेत आधीच विचारा. आणि आपली ती जुनी रीत, पहिलं बाळंतपण माहेरी! नोकरी चाकणला, विमा शाखा पुण्यात आणि बाळंतपण लातूरला. हे करायला कुणाची हरकत नाही, फक्त निघण्याआधी दाखल्यांची सोय लावून जा. विमा खात्याला जोडलेला मोबाइल नंबर तुमच्याच हातात असलेला ठेवा. नाहीतर ओटीपी पुण्यात नवऱ्याच्या फोनवर, नवरा सेकंड शिफ्टला, आणि तुम्ही लातूरला स्क्रीनकडे बघत बसलेल्या.

'त्यांच्याकडे जा' आणि 'यांच्याकडे जा'

या सगळ्यात वाईट अवस्था कुणाची, तर दोन रस्त्यांच्या मधोमध अडकलेल्या मुलीची. हे उदाहरण नीट वाचा, कारण नवीन नोकरी लागलेल्या मुलींना याचाच फटका बसतो.

समजा, तुम्ही आयुष्यात पहिल्यांदाच ईएसआयमध्ये आलात, जानेवारीत. बाळंतपणाची तारीख ऑगस्टमधली. ईएसआयच्या नियमात पहिल्यांदा आलेल्या माणसाचा लाभाचा काळ नोकरी लागल्यापासून नऊ महिन्यांनी सुरू होतो, म्हणजे ऑक्टोबरात. शाखेत गेलात तर ते सांगतील, तुम्ही अजून पात्र नाही. कंपनीत गेलात तर उत्तर येईल, 'तुमचं ईएसआय कापतोय ना आम्ही? मग त्यांच्याकडे मागा.' दोघंही आपापल्या जागी बरोबर असल्यासारखे बोलतात आणि तुम्ही रिकाम्या हाताने घरी.

कायद्याने ही फट आधीच बुजवलेली आहे. ईएसआय लागू असलं तरी, बाई तिथे पात्र होईपर्यंत कंपनीकडून मातृत्व लाभ मिळण्याचा तिचा हक्क चालू राहतो, असं १९६१ च्या कायद्यात होतं आणि नव्या संहितेतही आहे. म्हणजे या उदाहरणात ८० दिवसांचं काम झालेलं असेल तर कंपनीने पैसे द्यायचे. हे अनेक एचआरवाल्यांनाही माहीत नसतं. त्यांच्यावर चिडू नका, पण तोंडी वादही घालू नका. शाखेकडून 'या तारखेला पात्र नाही' असं लेखी घ्या आणि ते जोडून कंपनीला पत्र द्या.

दुसरी अशीच फट एप्रिलमध्ये येते. पगारवाढ झाली, पगार २१ हजारांच्या वर गेला आणि ईएसआयची कपात थांबली. अभिनंदन! पण घाबरू नका. ऑक्टोबर ते मार्चमध्ये भरलेल्या वर्गणीचा लाभ जुलै ते डिसेंबर या काळात मिळतो. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये. तुमची तारीख कुठे पडते ते या कोष्टकात बघा. तिथे बसत नसेल, तर तुम्ही कंपनीच्या रस्त्यावर आलात. दोन्हीकडून 'नाही' येत असेल तर समजा, कुणीतरी नियम चुकीचा वाचतोय.

'मी तर कंत्राटावर आहे, मला कुठलं काय?' असं म्हणणाऱ्यांसाठीही सांगते. दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरच्या बायकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितलं, की मातृत्व लाभ फक्त कायम नोकरीवाल्यांसाठी नाही. आणि २०२३ मध्ये, दिल्लीतल्या एका रुग्णालयात कंत्राटावर असलेल्या डॉक्टरच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटलं, की कंत्राटाची मुदत मध्येच संपली तरी लाभ पूर्ण काळाचा द्यायला हवा. तेव्हा 'कंत्राट ३१ तारखेला संपतंय, त्यापुढचं आम्ही देत नाही' हे वाक्य ऐकून गप्प बसू नका.

लिहून द्या, पोच घ्या

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. फोनवरची चौकशी हवेत विरते. लिहिलेल्या चौकशीला तारीख असते आणि तारीख असली की दिरंगाई मोजता येते.

सुरुवात रजेच्या सूचनेपासून करा. कुठल्या तारखेपासून रजेवर जाणार, पैसे कुणाच्या नावे द्यायचे, या काळात दुसरीकडे काम करणार नाही, एवढं लिहून कंपनीला द्या. ते आधी राहून गेलं असेल तर बाळंतपणानंतर लवकरात लवकर द्या. सूचना दिली नाही एवढ्याच कारणाने हक्क जात नाही.

ईमेल करा, व्हॉट्सअ‍ॅपवर 'सर, त्या पैशांचं काय झालं?' असं विचारून थांबू नका. कार्यालयात कागद देत असाल तर दोन प्रती न्या. एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन ती घरी आणा. खिडकीवरचा माणूस 'ठेवून जा' म्हणेल. हसून म्हणा, 'ठेवते ना, फक्त पोच द्या.' मोबाइलमध्ये त्या पोचेचा फोटो काढा आणि घरातल्या आणखी एकाला पाठवा.

काय लिहायचं सुचत नसेल तर हा मजकूर घ्या आणि तारखा भरा :

'विषय : प्रसूती लाभाची रक्कम मिळण्याबाबत. महोदय, मी दि. … पासून प्रसूती रजेवर आहे. रजेची लेखी सूचना दि. … रोजी दिली असून, गरोदरपणाचा दाखला दि. … रोजी व बाळाच्या जन्माचा पुरावा दि. … रोजी सादर केला आहे. आजपर्यंत मला … आठवड्यांची रक्कम मिळालेली नाही. माझा अर्ज सध्या कोणाकडे प्रलंबित आहे, त्यात कोणता कागद कमी आहे आणि रक्कम कोणत्या तारखेला जमा होईल, या तीन गोष्टी कृपया सात दिवसांत लेखी कळवाव्यात. सोबत कागदपत्रांच्या प्रती जोडल्या आहेत.'

बघा, यात राग नाही, धमकी नाही, रडगाणंही नाही. तीन सरळ प्रश्न आहेत. कुणाकडे, काय कमी, कधी. 'प्रोसेसमध्ये आहे' हे यातल्या एकाचंही उत्तर होऊ शकत नाही.

तरीही हललं नाही तर?

मग पायऱ्या चढायच्या. एकेक, क्रमाने, मागच्या पायरीचा कागद हातात घेऊन.

ईएसआयच्या रस्त्यावर आधी शाखेच्या व्यवस्थापकांना भेटा. मग विभागीय किंवा उपविभागीय कार्यालयात तक्रार द्या. महामंडळाचा टोल-फ्री नंबर १८००-११-२५२६ आहे. त्यावर बोलताना तक्रार क्रमांक मागून घ्या. त्याने भागलं नाही तर केंद्र सरकारच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर, म्हणजे सीपीग्राम्सवर, घरबसल्या तक्रार टाका. तिथे तक्रार निकाली काढायची मुदत ऑगस्ट २०२४ पासून २१ दिवसांवर आणली आहे. आणि माहितीचा अधिकार विसरू नका. दहा रुपये शुल्क भरून विचारा, 'माझ्या अर्जावर कोणत्या तारखेला कोणी काय कार्यवाही केली?' उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. गंमत अशी, की पुष्कळदा उत्तर येण्याआधी पैसेच येतात. आणि काही झालं तरी दावा दाखल करायला वर्ष उलटू देऊ नका.

कंपनीच्या रस्त्यावर, एचआरच्या वरच्या माणसाला लिहून झालं की सरकारी निरीक्षकांकडे तक्रार करता येते. नव्या संहितेत त्यांना 'निरीक्षक तथा सुविधाकर्ता' म्हटलंय. दुकान, ऑफिस, आयटी कंपनी असेल तर कामगार आयुक्तांचं कार्यालय. कारखाना असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडेही जाता येतं. लाभ अडवला असेल तर चौकशी करून पैसे देण्याचा आदेश काढायचा अधिकार निरीक्षकांना आहे. साधा अर्ज पुरतो, वकील लावावा लागत नाही. रजेवर असताना कामावरून काढणं किंवा कामाच्या अटी तिच्या तोट्याच्या होतील अशा बदलणं बेकायदा आहे, हेही मनाशी पक्कं असू द्या. कारण तक्रार करायची म्हटलं की पहिली भीती तीच असते.

भीती खोटी नसते, हेही खरं. परत तिथेच काम करायचंय, त्याच साहेबाच्या हाताखाली. म्हणून शक्य असेल तिथे एकट्याने लिहू नका. तुमच्याच ऑफिसात मागच्या वर्षी रजेवर गेलेल्या दोघी-तिघींना विचारा, त्यांना पैसे किती दिवसांत मिळाले? उत्तर 'चार महिन्यांनी' असेल, तर तो तुमच्या एकटीचा प्रश्न नाही. तिघींच्या सह्यांचं पत्र एका पत्रापेक्षा जड असतं.

आणि आता, होणारे बाबा

खासगी नोकरीत बापाला पगारी रजा द्यायलाच हवी, असा सर्वांना लागू होणारा कायदा आपल्याकडे नाही. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवस मिळतात. काही कंपन्या आपणहून देतात. म्हणजे बाळ झाल्यावर तुम्ही फार तर आठवडाभर घरी असाल, तोही साठवलेल्या रजांच्या जिवावर.

मग निदान हे काम तुमचं. ओली बाळंतीण शाखेच्या रांगेत उभी राहणार नाही आणि राहूही नये. तिच्या सहीचं अधिकारपत्र घ्या, तिच्या आणि तुमच्या ओळखपत्राची प्रत ठेवा. सातव्या महिन्यातच एक प्लास्टिकची फाइल करा : आधार, पासबुकाचं पहिलं पान, विमा क्रमांक, शेवटच्या बारा सॅलरी स्लिपा, सोनोग्राफीचे रिपोर्ट, रजेच्या अर्जाची पोच. हॉस्पिटलची बॅग भरताना आई बाळाचे झबले-टोपडे मोजते, तसं तुम्ही हे कागद मोजा. बाळ झालं की जन्माचा दाखला आणि डिस्चार्ज कार्ड त्यात टाका आणि दुसऱ्याच दिवशी पुरावा पाठवून द्या. ४८ तास असोत की १४ दिवस, मोजणी तिथून सुरू होते.

भाऊ असाल तर बहिणीसाठी करा, दीर असाल तर वहिनीसाठी. आणि नोकरीत तुम्ही स्वतः एचआरमध्ये किंवा अकाउंट्समध्ये असाल, तर ती विचारणा ज्या इनबॉक्समध्ये पडून राहते, तो इनबॉक्स कदाचित तुमचाच आहे. आज उघडून बघा.

पगाराची नोकरीच नसेल तर?

छोट्या दुकानात, घरकामात, शेतात, अ‍ॅपवरच्या डिलिव्हरीत राबणाऱ्या कितीतरी जणींना यातला एकही रस्ता नाही. त्यांच्यासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजना आहे. पात्र बाईला पहिल्या बाळासाठी दोन हप्त्यांत पाच हजार, आणि दुसरं बाळ मुलगी असेल तर सहा हजार रुपये. अर्ज अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंमार्फत. ही रजेची भरपाई नाही, फार तर बाळंतविड्याला हातभार. पण इथेही पैसे अडतात ते त्याच दोन जागी : नावातला फरक आणि आधारशी न जोडलेलं खातं. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींच्या सुनेचा हप्ता अडला असेल, तर तुमच्या मोबाइलवर दहा मिनिटं देऊन नेमकं काय अडलंय ते बघा. त्यासाठी कायद्याची पदवी लागत नाही.

हे कुणी फुकट दिलेलं नाही

शेवटी एक गोष्ट आपल्याच मातीतली. कामकरी बायकांना बाळंतपणाचे पैसे देणारा देशातला पहिला कायदा झाला तो मुंबई प्रांतात, १९२९ मध्ये. गिरण्यांत राबणाऱ्या बायकांसाठी. त्याचं विधेयक १९२८ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात आलं तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याची बाजू मांडली. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, असा त्यांचा मुद्दा होता. त्याला आता जवळजवळ शंभर वर्षं होतील.

म्हणजे हा पैसा कंपनीची मेहेरबानी नाही आणि महामंडळाची खैरातही नाही. तुमच्या पगारातून कापलेल्या वर्गणीचा आणि तुम्ही केलेल्या कामाचा तो हिशेब आहे. हिशेब मागताना आवाज चढवायची गरज नसते, तसंच ओशाळायचीही नसते. तेव्हा तुमच्या ओळखीत कुणी सातव्या महिन्यात असेल, तर डोहाळजेवणाला साडीबरोबर तिला एक फाइलही द्या. आणि तिला सांगा, पैसे लांबले तर तीनच प्रश्न विचार : कुणाकडे, काय कमी, कधी. मात्र लिहून विचार, आणि पोच घे.